एकमेकांना पाण्यात पाहणारे

सहा निऑन टेट्रा मासे आणले होते. चौथ्या महिन्यात एका सकाळी टाकीचा दिवा लावला, तर पाचच दिसले. फिल्टरमागे पाहिलं, दगड उचलून पाहिला. उडी मारून बाहेर पडला असेल म्हणून कपाटाखालीही वाकून पाहिलं. मेलेला मासासुद्धा सापडेना. आठवड्याने चार झाले. मग बरेच दिवस चारच राहिले आणि मी तो विषय सोडून दिला. उरलेले चौघं सदैव डाव्या कोपऱ्यात, हीटरच्या आडोशाला, एकमेकांना चिकटून असायचे. त्यामुळे मोजायला फार सोपे. मला वाटायचं, काय छान कळप करून राहतात.

रोगाचीही शंका घेऊन झाली होती. एका रात्री उशिरा उठून टॉर्च मारली तर चौघांचीही ती प्रसिद्ध निळी रेघ गायब! फिकट, राखाडी-जांभळे, जणू दुसरेच मासे. माझी झोप उडाली. नंतर वाचलं तेव्हा कळलं की निऑन अंधारात असेच विझतात. ती रेघ रंगाची नसतेच. कातडीतल्या पेशींमध्ये ग्वानिन नावाच्या पदार्थाचे अतिसूक्ष्म पापुद्रे एकावर एक रचलेले असतात, त्यांवरून परतणारा उजेड आपल्याला निळा दिसतो. रात्री त्या पापुद्र्यांमधलं अंतर बदलतं आणि निळाई जाते. सकाळी पुन्हा येते. म्हणजे मासे ठणठणीत होते. फक्त कमी होत होते.

खरं काय ते माझ्या आधी आईच्या लक्षात आलं. ती संध्याकाळी टाकीसमोर खुर्ची ओढून बसते. पुस्तकातलं तिला काही ठाऊक नाही, पण ती बघते. एकदा म्हणाली, "अगं, हा पांढरा केवढा झालाय. आणि हे चौघं त्याच्याकडे पाठ करून कधीच बसत नाहीत, पाहिलंस?"

पांढरा म्हणजे एंजल. दोन आणले होते, अंगठ्याच्या नखाहून जरा मोठे, पारदर्शक पर, झुळझुळीत चाल. पूर्ण वाढलेला एंजल पंधरा सेंटिमीटर लांब होतो आणि वरखाली पसरलेले पर धरले तर उंचीला त्याहून जास्त भरतो. माझ्या टाकीची उंची होती तीस सेंटिमीटर. निऑन तीन-साडेतीन सेंटिमीटरचा, काडीसारखा. दोघांचंही मूळ अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यात, त्यामुळे 'एकाच गावचे, पटेल त्यांचं' असा माझा हिशोब. एकाच गावचे असल्यामुळेच तर ओळख जुनी होती! दोनच दिवसांनी मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. एंजलच्या तोंडाबाहेर तांबडी शेपटी, आणि एंजलचा चेहरा नेहमीसारखाच सोज्वळ.

मत्स्यन्याय हा शब्द आपण राज्यशास्त्राच्या धड्यात शिकतो. राजा नसला की बलवान दुर्बळाला गिळतो, तसा न्याय. टाकीत त्याचा शब्दशः अर्थ असा की माशाच्या तोंडात जे मावतं ते त्याच्यासाठी खाद्य. यात राग नाही, द्वेष नाही, स्वभावदोषही नाही. आणि या राज्यात राजा मीच होते. मीच त्या दोघांना एका भांड्यात घातलं होतं.

एंजल आणि काचेला चिकटणारा सकर ओळखीच्या एकांकडच्या मोठ्या टाकीत गेले. उरलेले तीन निऑन (होय, तोवर तीन झाले होते) एका मैत्रिणीच्या वीस निऑनांत सोडले. ती फोनवर म्हणाली, "मिसळले गं, आता तुझे कुठले ते ओळखूच येत नाहीत." तीन गप्पीही तिच्याचकडे गेले. आणि मी अपराधी वाटून टाकी रिकामी केली, वाळू आणि फिल्टरचा स्पंज नळाखाली धरून लख्ख धुतला. ही दुसरी चूक. तिच्याकडे पुढे येते.

रिकाम्या टाकीसमोर वही घेऊन बसले तेव्हा जाणवलं की पहिल्या वेळी मी मासे निवडलेच नव्हते. रंग निवडले होते. एक लांब शेपटीवाला हवा, एक चमकणारा, एक डौलदार, एक काच साफ करणारा. प्रत्येकाबद्दल विचारलं तेव्हा उत्तर एकच मिळालं, "शांत आहे." शांत म्हणजे काय, हे विचारायला हवं होतं. एंजल शांतच आहे, ज्याला तो गिळू शकत नाही त्याच्याशी.

मराठीत एखाद्याचा रागराग करणं याला पाण्यात पाहणं म्हणतात. माझ्या त्या टाकीत सगळेच एकमेकांना पाण्यात पाहत होते, दोन्ही अर्थांनी. निऑन एंजलकडे भीतीने, एंजल निऑनकडे भुकेने, गप्पी एंजलच्या लांब परांकडे चघळण्यासारखं काही म्हणून. वहीच्या पहिल्या पानावर मग मी एकच प्रश्न लिहिला: कोण कोणाकडे दुर्लक्ष करू शकेल? मासे 'जुळतात' असं आपण म्हणतो तेव्हा मैत्री डोळ्यांसमोर आणतो. प्रत्यक्षात एवढंच हवं असतं की एकाच्या दिवसात दुसरा नसावा.

दुर्लक्ष करायला जागा लागते. माझी टाकी साठ बाय तीस बाय तीस, म्हणजे कागदावर चौपन्न लिटर. वाळू, दगड आणि वरची मोकळी बोटभर जागा वजा केली की पाणी पंचेचाळीस लिटरच्या आसपास. एका गॅलनला एक इंच मासा असा एक जुना नियम सगळीकडे ऐकू येतो. सोपा आहे आणि फसवा आहे. मासा लांबीला दहापट झाला की रुंदी आणि जाडीलाही वाढतो, म्हणजे वजनाला साधारण हजारपट. एकेक इंचाचे दहा मासे आणि दहा इंचांचा एक मासा या नियमाच्या लेखी सारखे. पण दुसऱ्याचं वजन पहिल्या दहांच्या मिळून शंभरपट, आणि घाणही कितीतरी पट जास्त. गोल्डफिश इथेच बाद झाला. आणि सकरही, ज्याला लोक बोटाएवढा असताना 'शेवाळ खातो' म्हणून आणतात आणि जो पुढे फूटभराच्या वर जातो. दुकानात बहुतेक मासे लहानच असतात, कारण ती बहुतेक पिल्लं असतात. वहीत मी प्रत्येक नावापुढे दोन रकाने केले, आजची लांबी आणि पूर्ण वाढीची लांबी. पहिला रकाना नंतर खोडून टाकला.

लांबी कमी म्हणजे काम झालं, असंही नाही. झेब्रा डॅनिओ जेमतेम चार सेंटिमीटरचा. हॅमिल्टनने १८२२ साली गंगेच्या खोऱ्यातल्या माशांबरोबर याचं वर्णन केलं, आणि आज तो जगभरच्या प्रयोगशाळांत आहे, कारण त्याचं अंडं पारदर्शक असतं आणि आत जीव घडताना दिसतो. काटक, देखणा, स्वस्थ मात्र कधीच बसत नाही. साठ सेंटिमीटरच्या टाकीत तो सारखा भिंतीवर येऊन वळत राहतो, आणि खाणं पडताच बाकीच्यांचं होईस्तोवर सगळं त्याच्या पोटात. हळू खाणाऱ्या माशाशेजारी असा धावरा ठेवणं म्हणजे त्याला न मारता उपाशी ठेवणं. उलट टोकाला केरळातल्या नद्यांमधला पी पफर, वाटाण्याएवढा, अडीच सेंटिमीटर. हेलिकॉप्टरसारखा जागच्या जागी तरंगतो आणि डोळे फिरवून आपल्याकडे बघतो. पाहताक्षणी प्रेमात पडावं असा. पण त्याचे दात चोचीसारखे आणि आयुष्यभर वाढणारे. गोगलगायी फोडून खाणं हे त्याचं काम, आणि गोगलगाय नसेल तेव्हा शेजाऱ्याचे पर कुरतडणं. त्याला वेगळी टाकी हवी. तो मोह मला अजून आहे.

फायटर माशावर आई अडून बसली होती. "एकटाच असतो ना तो? मग काय हरकत आहे?" हरकत तशी नव्हती. फायटरच्या डोक्यात कल्ल्यांच्या वर चक्रव्यूहासारखा एक अवयव असतो, त्याने तो थेट हवा घेतो. उथळ, गरम, प्राणवायू कमी असलेल्या पाण्यातही तगतो तो यामुळे. आणि नेमक्या याच गुणाची त्याला शिक्षा मिळते: तो पेल्यात जिवंत राहतो, म्हणून लोक त्याला पेल्यात ठेवतात. थायलंडने २०१९ मध्ये ज्याला राष्ट्रीय जलचर म्हणून जाहीर केलं, त्याची ही राहणी. माझ्या टाकीत एकटा फायटर राजासारखा राहिला असता. पण मग लांब शेपटीचा कुणीही त्याच्यासोबत नको, कारण रंगीत झुळझुळीत शेपूट त्याला दुसऱ्या नराची वाटू शकते; आणि टायगर बार्बसारखा पर ओढणाराही नको. शिवाय एखादा फायटर शेजाऱ्यांसोबत निमूट राहतो आणि दुसरा सावलीशीही भांडतो. हे आधी सांगता येत नाही. मी ते नाव लगेच खोडलं नाही, पुढे प्रश्नचिन्ह टाकलं.

मासा पाणी केव्हा पितो हे कळत नाही, असं आपण म्हणतो. गोड्या पाण्यातल्या माशापुरतं त्याचं उत्तर गमतीशीर आहे: तो जवळजवळ पीतच नाही. त्याच्या रक्तात बाहेरच्या पाण्यापेक्षा क्षार जास्त, म्हणून पाणी आपणहून कल्ल्यांतून आत झिरपत राहतं. ते बाहेर टाकायला मूत्रपिंडं सतत पातळ लघवी करतात आणि निसटणारे क्षार कल्ले परत ओढून घेतात. हा जमाखर्च कुठल्या पाण्यात बसवायचा, ते प्रत्येक जातीच्या अंगात पिढ्यान्‌पिढ्या मुरलेलं असतं. निऑनचं मूळ घर मऊ, आम्लधर्मी, कुजक्या पानांनी चहासारखं झालेलं पाणी. गप्पीला मात्र जरा जड, क्षारांचं पाणी मानवतं. दोघं एका टाकीत सर्रास दिसतात, आणि हल्ली बहुतेक निऑन मत्स्यशेतीत वाढलेले असल्याने बरंच काही चालवूनही घेतात. पण चालवून घेणं वेगळं. मी दोन्ही टोकांच्या जाती एकत्र न करण्याचं ठरवलं. तापमानाचंही तसंच. व्हाइट क्लाउड माशाला अठरा ते बावीस अंश आवडतं, डिस्कसला अठ्ठावीस ते तीस. दोघांची मधली सरासरी काढून पंचवीसवर हीटर ठेवला तर दोघंही सारखेच दुःखी.

गप्पीचं नाव मी दुसऱ्याच कारणाने खोडलं. (हे नाव आपल्या गप्पांवरून आलेलं नाही, लेचमीअर गप्पी या गृहस्थांवरून आलं आहे, त्यांनी १८६६ मध्ये त्रिनिदादहून ब्रिटिश म्युझियमला नमुने पाठवले. शास्त्रीय नाव पीटर्सने १८५९ मध्येच देऊन ठेवलं होतं, पण आडनाव चिकटलं ते चिकटलं.) गप्पीची मादी अंडी न घालता थेट पिल्लं देते, साधारण चार आठवड्यांनी एक वेत. एकदा नराशी संबंध आला की त्याचं बीज ती महिनोन् महिने साठवून ठेवते. म्हणजे नर काढून टाकले तरी वेतं चालूच. पंचेचाळीस लिटरमध्ये हा हिशोब दिवाळखोरीकडे जातो. फक्त नर ठेवणं हा एक मार्ग आहे. मला तो जमला असता, पण आईला पिल्लं हवी होती आणि मला नको होती. वाद टाळायला मी मासाच टाळला.

वहीतली सगळ्यात कठीण खोडाखोड मात्र आकड्यांची होती. एकेक नमुना आणायची हौस सहज सुटत नाही. दोन हे, दोन ते, एक तो. टाकी मग संग्रहालयाच्या कपाटासारखी दिसते. कळपाच्या माशाला सोबत ही चैन नसते. दोन टेट्रा म्हणजे कळप नाही, दोन घाबरलेले मासे. सहा ही किमान संख्या म्हणतात, आठ-दहा असले की खरी वागणूक दिसायला लागते. टायगर बार्बसारखा खोडकर मासाही मोठ्या गटात असला की आपापसातल्या मानापमानात गुंततो आणि परक्यांचे पर जरा तरी वाचतात. तीन-चारच असतील तर सगळी खोडी शेजाऱ्यांवर निघते. आता जागा ठरलेली, माशांची एकूण संख्या ठरलेली. म्हणजे कळप वाढवायचा तर जाती कमी करायच्या. पाच जातींच्या तीन झाल्या, तीनच्या दोन. प्रत्येक वेळी कुणीतरी देखणा बाहेर गेला. हार्लेक्विन रासबोरा गेला. २००६ मध्ये म्यानमारमध्ये सापडलेला, चांदण्या शिंपडल्यासारखा सेलेस्टिअल पर्ल डॅनिओ गेला. त्याचे नर एकमेकांवर सतत चढाई करतात, एवढाच त्याचा दोष.

या सगळ्या काळात टाकी चालू होती, माशांविना. नळाखाली स्पंज धुतला होता ना, त्याचं प्रायश्चित्त. माशांच्या विष्ठेतून, उरल्यासुरल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो. काही जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे काही नायट्राइटचं नायट्रेट. पहिले दोन विषारी, तिसरा बराच सौम्य; तो आठवड्याला पाव पाणी बदललं की आटोक्यात राहतो. हे जिवाणू स्पंजात आणि वाळूत वस्ती करून असतात, आणि क्लोरीनच्या पाण्याने मी ती वस्ती उठवली होती. टाकी पुन्हा मुरायला हवी होती. रोज चिमूटभर माशांचं खाणं मोकळ्या पाण्यात टाकत होते. आई म्हणायची, "कोणाला वाढतेस?" आठवड्याने अमोनिया चढला, मग उतरला, मग नायट्राइट चढलं आणि हट्टाने वरच राहिलं. पाचव्या आठवड्यात दोन्ही शून्य दिसले. रिकाम्या टाकीला रोज जेवू घालायचे हे पाच आठवडे वहीला फार उपयोगी पडले. मासे लगेच आणता आले असते तर मी पहिल्याच पानावर थांबले असते.

लंडनमध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने १८५०च्या सुमारास टाकीतला असाच समतोल जुळवून पाहिला होता. काचेच्या भांड्यात दोन छोटे गोल्डफिश आणि व्हॅलिसनेरिया ही पाणवनस्पती. वनस्पती प्राणवायू देईल, मासे खत देतील, हिशोब जुळेल. पण कुजणाऱ्या पानांनी आणि शेवाळाने पाणी गढूळ झालं. मग त्याने तिसरा भिडू आणला, तळ्यातल्या गोगलगायी. त्यांनी कुजकं खाल्लं आणि पाणी निवळलं. मला या गोष्टीत आवडतं ते हे की बिघडल्यावर त्याने तिसरा मासा आणला नाही. कोणतं काम कोणी करत नाहीये, ते पाहिलं.

तर माझी टाकी. मधल्या थरासाठी दहा एंबर टेट्रा, निखाऱ्याच्या रंगाचे, पूर्ण वाढीला दोन सेंटिमीटर. ब्राझीलच्या अरागुआया नदीच्या खोऱ्यातला मासा, १९८७ मध्ये नाव मिळालेला. जातीचं नाव अमांडे, मत्स्यसंग्राहक हायको ब्लेहर यांच्या आईच्या, अमांडा यांच्या नावावरून. हे आईला सांगितलं तर ती म्हणाली, "बघ, लोक आईच्या नावाने मासे ओळखायला लावतात. आणि तू मला एक फायटर आणून देत नाहीस."

खालच्या थरासाठी सहा पिग्मी कोरी, अडीच सेंटिमीटरच्या, मिश्यांवाल्या. त्यांच्यासाठी खडी काढून बारीक वाळू घातली, कारण टोकदार खडीत खुपसून खुपसून त्यांच्या मिश्या झिजतात. कोरी म्हणजे टाकीची झाडूवाली असा एक समज आहे. तो काढून टाका. कोरी दुसऱ्याची विष्ठा साफ करत नाही, आणि वरून चुकून खाली आलेल्या कणांवर कोरीचं पोट भरत नाही. त्यांना बुडणारी गोळी वेगळी द्यावी लागते, तीही दिवा मालवताना, वरची मंडळी सुस्तावल्यावर. दोन्ही जातींना चोवीस-पंचवीस अंश चालतं, दोन्ही मऊ ते मध्यम पाण्यातल्या, दोन्हींची तोंडं इतकी लहान की कोण कोणाला गिळणार? कोरी आधी आणल्या, तीन आठवड्यांनी टेट्रा. टेट्रा त्याआधी एका साध्या डब्यात वेगळे ठेवले होते, स्पंज फिल्टर लावून. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग नव्या माशाबरोबर घरात येतो आणि मुरलेली टाकीही त्याला अडवत नाही.

पहिले दोन दिवस टेट्रा एका गठ्ठ्यात. डाव्या कोपऱ्यात, हीटरच्या आडोशाला. माझ्या पोटात गोळा आला, जागा तीच होती. तिसऱ्या दिवशी एक कोरी सरळ वर झेपावली, पृष्ठभागावरून हवेचा घोट घेतला आणि सुळकन परत खाली. कोरी आतड्यातूनही थोडा प्राणवायू घेतात, त्यामुळे अधूनमधून त्या अशा उसळतात. ती टेट्रांच्या गठ्ठ्यातूनच आरपार गेली. टेट्रा जरा फुटले, आणि पुन्हा जमले नाहीत. तेव्हा मला त्या निऑनांचं 'छान कळप करून राहणं' आठवलं. घट्ट कळप भ्यालेले मासे करतात. धास्ती नसेल तर ते पसरतात, एखादा पानाखाली एकटाच काही टिपत राहतो, दोघं उगाच एकमेकांना वळसे घालतात.

वरचा थर अजून रिकामा आहे. वहीत तिथे हनी गोरामी लिहून पुढे प्रश्नचिन्ह आहे, फायटरच्या खालीच. आई दर आठवड्याला त्या पानाची आठवण काढते.

परवा ती खुर्चीत बसली होती. मी स्वयंपाकघरातून विचारलं, "दहा आहेत का गं?"

बराच वेळ उत्तर आलं नाही. मग म्हणाली, "सात दिसतायत. थांब, आठ. नाही, तो मघाचाच. अगं, एका जागी राहतील तर मोजू ना मी."